जुन्या वास्तूसाठी मॅचिंग ग्रँट : ठाणे-नवी मुंबईतील संस्थांनी अर्जाआधी करायची तयारी

ठाणे जिल्ह्यात शंभरी ओलांडलेल्या अनेक वास्तू आजही रोजच्या वापरात आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा वास्तूंची देखभाल लहान विश्वस्त संस्थाच करतात. ठाण्यातील शार हशामाईम हे बेने इस्रायली समाजाचे प्रार्थनास्थळ १८७९ सालचे आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये, तर ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. देवळे, चर्च, धर्मशाळा, शाळांच्या जुन्या इमारती आणि गावठाणांतील कौलारू वाडे धरले तर ही यादी फार लांबते. छप्पर गळू लागले किंवा तुळईला वाळवी लागली की विश्वस्तांच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो सरकारी अनुदानाचा. अनुदान मिळते, पण ज्या योजनांतून ते मिळू शकते त्यांतील बऱ्याच योजनांत सरकार सगळा खर्च उचलत नाही. खर्चाचा ठरावीक हिस्सा संस्थेने घालायचा आणि उरलेला सरकारने द्यायचा, अशी ही मॅचिंग ग्रँटची पद्धत आहे.

ही पद्धत जगभर रूढ आहे. अमेरिकेत १९६६ च्या ऐतिहासिक वास्तू जतन कायद्याखाली राज्यांना मिळणाऱ्या निधीत सर्वसाधारणपणे ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो, आणि तेथील ‘सेव्ह अमेरिकाज ट्रेझर्स’ या कार्यक्रमात तर प्रत्येक सरकारी डॉलरला दुसऱ्या बाजूने एक डॉलर जोडावा लागतो. आपल्याकडे असा एकच ठळक कार्यक्रम नाही. वेगवेगळ्या खात्यांच्या योजनांमध्ये ही तरतूद विखुरलेली आहे, आणि म्हणूनच अर्ज करणाऱ्या संस्थेला जास्त तयारी करावी लागते.

सरकारने मंजुरी दिली की मग आपला हिस्सा उभा करू, असे बहुतेक विश्वस्त मंडळे गृहीत धरतात. प्रत्यक्षात मात्र हिस्सा, कागदपत्रे आणि वास्तूची तपासणी या तिन्ही गोष्टी आधी हव्या असतात आणि अर्ज हा त्यांच्या मागून येतो. संस्थेचा हिस्सा मागण्यामागे सरकारचा हेतू केवळ पैसे वाचवण्याचा नसतो. अनुदान संपल्यावरही ही वास्तू कोणी सांभाळणार आहे का, याचा पुरावा त्या हिश्श्यातून मिळतो. ज्या संस्थेने हे ओळखले तिचा अर्ज वाचताक्षणी वेगळा जाणवतो.

वास्तू कोणाची आणि कोणत्या वापरात

योजना शोधण्याआधी दोन प्रश्नांची लेखी उत्तरे तयार ठेवावीत: वास्तूची मालकी कोणाची आहे आणि ती आज कोणत्या कामासाठी वापरली जाते. कोणत्या खात्याकडे जायचे हे या दोन उत्तरांवरूनच ठरते.

वास्तू केंद्र किंवा राज्य शासनाने संरक्षित घोषित केलेली असेल, तर तिची दुरुस्ती संस्थेने स्वतः करायची नसते. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर, ज्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा उल्लेख आहे, ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहे. तेथे एक चिराही त्या खात्याच्या परवानगीवाचून हलवता येत नाही. अशा स्मारकासाठी नागरिकांना किंवा कंपन्यांना पैसा द्यायचा असेल, तर १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीची वाट उपलब्ध आहे. देणगीदाराला तेथे विशिष्ट स्मारक किंवा विशिष्ट काम निवडता येते आणि त्यासाठी लेखी करार होतो. राज्य संरक्षित स्मारकांसाठी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची ‘महाराष्ट्र वैभव – राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजना’ आहे. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गाचे संगोपन याच योजनेतून झाले. जिल्हा वार्षिक योजनेतील ३ टक्क्यांपर्यंत निधी गड-किल्ले, मंदिरे आणि संरक्षित स्मारकांसाठी ठेवण्याचे राज्याचे धोरण आहे, त्यामुळे अशा स्मारकाजवळच्या संस्थेने जिल्हा नियोजन समितीकडे आणि पालकमंत्र्यांकडे लेखी मागणी नोंदवून ठेवणे उपयुक्त ठरते.

वास्तू सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यात असेल तर प्रश्न आणखी वेगळा होतो. बेलापूरचा किल्ला सिडकोच्या ताब्यात आहे आणि त्याच्या संवर्धनाचे काम सिडकोनेच हाती घेतले. अशा ठिकाणी स्थानिक मंडळाने स्वतःच्या नावाने दुरुस्तीचे अनुदान मागू नये. इतिहासलेखन, स्वच्छता, मार्गदर्शक फेऱ्या आणि देखरेख यांत भागीदार होण्याचा प्रस्ताव द्यावा. किल्ल्यावर प्रेम असणे आणि किल्ल्यावर हक्क असणे या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने चांगले प्रस्ताव परत आलेले मी पाहिले आहेत.

संस्थेच्या मालकीच्या आणि असंरक्षित वास्तूला आजचा वापर हाच सर्वांत मोठा आधार असतो. इमारतीत सार्वजनिक ग्रंथालय चालत असेल, तर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान निधी आणि असमान निधी या दोन्ही योजना पाहाव्यात. त्या राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत राबवल्या जातात, समान निधीत राज्याचा आणि प्रतिष्ठानाचा पैसा एकत्र येतो, आणि इमारतीच्या विस्तारासाठी किंवा शताब्दीसारख्या महोत्सवी वर्षाच्या निमित्ताने साहाय्य मागता येते. संस्थेचे शतकोत्तर रौप्य महोत्सवी वर्ष जवळ आले असेल, तर त्याची नोंद आदल्या वर्षीच घ्यावी. इमारतीत नाट्यगृह, तालीम सभागृह किंवा संगीताचे वर्ग चालत असतील, तर केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची स्टुडिओ थिएटरसह इमारत अनुदानाची योजना पाहावी. तिची रचना सरकारचे ६० टक्के आणि संस्थेचे ४० टक्के अशी आहे. वस्तुसंग्रह असेल तर त्याच मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना आहे. या योजनांची मार्गदर्शक तत्त्वे वेळोवेळी बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीचीच प्रत समोर ठेवावी; कोणा परिचिताने जुन्या अर्जाची झेरॉक्स दिली म्हणून तिच्यावर विसंबू नये.

खासगी मालकीच्या वाड्यांसाठी चित्र अवघड आहे आणि ते स्पष्ट सांगितलेले बरे. व्यक्तीच्या नावावरील घराला थेट अनुदान देणारी योजना सहसा सापडत नाही. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा वास्तूंची यादी, त्यांच्या श्रेणी, वारसा संवर्धन समिती आणि वारसा वास्तूच्या मालकाला मिळणारे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर (जागेवर न वापरता येणारे बांधकामाचे हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा), यांच्या तरतुदी आहेत. वाडा यादीत येणे म्हणजे हातपाय बांधले जाणे, अशी भीती कुटुंबांना वाटते. पण टीडीआरचा मार्ग यादीत आल्यावरच खुला होतो, हेही त्यांच्यापुढे मांडावे.

कागदपत्रे

अनुदानाचे बहुतेक अर्ज वास्तुशास्त्रावर अडत नाहीत, ते परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर अडतात. धर्मादाय आयुक्त कार्यालयातील या नोंदीत जे विश्वस्त आहेत तेच कायद्याने विश्वस्त. जुन्या संस्थांच्या उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहिलेली असतात, मधल्या निवडणुकांचे बदल अर्ज एक तर दाखल झालेले नसतात किंवा वर्षानुवर्षे प्रलंबित असतात. अशा स्थितीत अनुदानाच्या करारावर सही कोणी करायची हा प्रश्न सुटत नाही. म्हणून पहिले काम ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयातून ताजा उतारा काढणे आणि राहिलेले बदल अर्ज मार्गी लावणे हे आहे. याला महिने लागू शकतात, आणि घाई करून उपयोग नसतो.

त्याच उताऱ्यात ही इमारत संस्थेची मालमत्ता म्हणून नोंदलेली आहे का तेही पाहावे. नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रक, गावठाणाबाहेर असल्यास सातबारा, महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती आणि परिशिष्ट १ या चारही ठिकाणी संस्थेचे नाव एकाच पद्धतीने लिहिलेले असावे. एका ठिकाणी ‘मंडळ’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ट्रस्ट’ असेल, तर छाननी करणारा लिपिक ते दोन वेगळे मालक समजतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तसेच समजलो असतो.

याशिवाय आयकराची १२ए (संस्थेच्या करमाफीसाठी) आणि ८०जी (देणगीदाराच्या करसवलतीसाठी) नोंदणी, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, लागोपाठ तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि विश्वस्त मंडळाचा ठराव लागतो. ठरावात प्रकल्पाचे नाव, अंदाजित खर्च, संस्थेच्या हिश्श्याची रक्कम आणि तो कोणत्या खात्यातून येणार याचा स्पष्ट उल्लेख असावा. ‘आवश्यक ती कार्यवाही करण्याचे ठरले’ एवढेच लिहिलेला ठराव निरुपयोगी असतो.

वास्तूच्या इतिहासाचे टिपण दोन-तीन पानांचे असावे आणि त्यातील प्रत्येक विधानाला आधार असावा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे खंड १८८२ साली प्रसिद्ध झाला. आपल्या परिसराचा उल्लेख त्यात आहे का ते आधी पाहावे. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात जुने नकाशे आणि पत्रव्यवहार सापडतात. एमएमआरडीएच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या वारसा संवर्धन सोसायटीने महानगर प्रदेशातील वारसा स्थळांच्या याद्या आणि अभ्यास करवून घेतले होते. त्यांत आपली वास्तू आली असेल तर तो उतारा अर्जासोबत जोडावा. सभासदांच्या घरच्या अल्बममध्ये लग्नमुंजीच्या फोटोंमागे इमारतीचा जुना दर्शनी भाग उभा असतो. ‘येथे अमुक महापुरुष उतरले होते’ अशी पुराव्याविना चालत आलेली आठवण मात्र टिपणात घालू नये. एका शंकास्पद विधानामुळे बाकीची खरी विधानेही संशयात येतात.

तपासणी आणि अंदाजपत्रक

या टप्प्यावर संस्थेने सर्वांत जास्त वेळ द्यावा. महापालिका अधिनियमानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते, आणि जुन्या वास्तूंच्या बाबतीत खरा धोका येथेच संभवतो. ऑडिट करणारे अभियंते बहुधा आरसीसी इमारतींवर काम केलेले असतात. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्स या त्यांच्या नेहमीच्या चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. दोन फूट जाडीच्या दगडी किंवा विटांच्या भिंतीला, जिच्या सांध्यांत चुना भरलेला आहे आणि जी स्वतःच छपराचा भार पेलते, तिला त्या चाचण्या लागू पडत नाहीत. चुकीच्या मोजपट्टीने मोजलेली इमारत सी-१ वर्गात, म्हणजे अतिधोकादायक आणि पाडण्यायोग्य ठरली, की पुढे कोणतेही अनुदान तिला वाचवू शकत नाही. म्हणून ऑडिटसाठी अभियंता नेमताना त्याने भारवाहक भिंतींच्या जुन्या इमारतींवर काम केले आहे का, हे विचारावे, आणि संवर्धन वास्तुविशारदाला त्याच्या सोबत उभे करावे. इन्टॅक ही संस्था १९८४ पासून या क्षेत्रात आहे; अनुभवी वास्तुविशारदांची नावे तिच्याकडून मिळू शकतात.

वास्तुविशारदाकडून आधी मोजमाप नकाशे घ्यावेत. वर्षानुवर्षांच्या सोयीसाठी घातलेल्या भिंती, बंद केलेल्या खिडक्या आणि छपरावर टाकलेले पत्रे त्यांत वेगळ्या रंगात दाखवलेले असावेत. त्यानंतर स्थितिदर्शक नकाशे: कोठे ओल आहे, कोठे भेग आहे, कोणत्या वाशाचे टोक कुजले आहे. प्रत्येक खुणेला फोटोचा क्रमांक जोडलेला असावा. छाननी समितीतील तज्ज्ञ अर्जाच्या भाषेपेक्षा हे नकाशे अधिक बारकाईने पाहतात.

खाडीकाठच्या हवेतील भिंती कशा खराब होतात हे प्रत्यक्ष पाहिले की अंदाजपत्रकाचे अर्धे काम समजते. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत भिंतीला सिमेंटचा गिलावा केलेला असतो, कारण कधी काळी तेथे ओल आली होती. जमिनीतून चढणारे खारट पाणी पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून सावकाश बाहेर पडून वाळत असे. सिमेंटने ती वाट बंद झाली, म्हणून पाणी आणखी वर चढते आणि सिमेंटच्या पट्ट्याच्या नेमक्या वरच्या कडेला बाहेर येते. तेथे पांढरे, कापसासारखे क्षार फुललेले दिसतात, बोटाने दाबले की विटेचा भुगा हाताला लागतो, आणि रंगाचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. विश्वस्तांना वाटते की गिलावा कमी पडला, म्हणून तो आणखी दोन फूट वर नेतात, आणि ओल त्याच्याही वर जाते. अशा भिंतीचा खरा उपचार म्हणजे सिमेंट हलक्या हाताने काढणे, भिंत एक हंगाम वाळू देणे, बाहेरचे पाणी भिंतीपासून दूर वळवणे आणि मग चुन्याचा गिलावा करणे.

जुना गिलावा कशाचा होता हे अंदाजाने ठरवू नये. एक ढपला प्रयोगशाळेत दिला की आम्लात चुना विरघळून वाळू उरते, आणि चुना व वाळू यांचे प्रमाण कळते. आपल्या किनारपट्टीवरच्या जुन्या चुनाकामात कधीकधी शिंपल्यांचे न भाजलेले पांढरे तुकडे साध्या डोळ्यांनीही दिसतात, कारण तो चुना शिंपले भाजून केलेला असतो. नव्या मिश्रणात सुरखी (विटांची पूड) किती, चुना किती दिवस मुरवायचा, बेलफळ किंवा गूळ घालायचा की नाही, हे या तपासणीनंतर वास्तुविशारदाने लेखी द्यावे. ‘पारंपरिक पद्धतीने चुनाकाम’ असे तीन शब्द निविदेत लिहिले, तर ठेकेदार पांढऱ्या सिमेंटमध्ये चुना मिसळून आणतो.

आता दरांचा प्रश्न. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतील बहुतेक बाबी सिमेंट-काँक्रीटच्या कामांसाठी आहेत. मुरवलेल्या चुन्याचा गिलावा, सागवानी वाशाचे कुजलेले टोक कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा देणे, जुनी मंगलोरी कौले उतरवून, निवडून, धुऊन पुन्हा चढवणे, अशा कामांचे दर तेथून सरळ उचलता येत नाहीत. त्यांच्यासाठी दर पृथक्करण करावे लागते, म्हणजे साहित्य किती, कारागीर किती दिवस, वाहतूक किती, असा प्रत्येक बाबीचा हिशेब मांडावा लागतो आणि त्याला तीन ठिकाणची दरपत्रके जोडावी लागतात. हे न करता सूचीतील जवळचा दर धरला, तर दोनच शक्यता उरतात: त्या पैशांत कारागीर मिळत नाही, किंवा काम सिमेंटमध्ये होते आणि वास्तूचे पहिल्यापेक्षा जास्त नुकसान होते. सरकारी पैशाने झालेले वाईट काम उलटवणे फार कठीण असते, म्हणून दर पृथक्करणासाठी लागणारे शुल्क संस्थेने बिनतक्रार द्यावे.

केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरच्या आत आपली इमारत असेल तर नव्या बांधकामाला मनाई आहे आणि दुरुस्तीसाठीही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यातही परवानगी हवी. अंबरनाथच्या मंदिराच्या आसपासच्या संस्थांनी ही बाब वेळापत्रकात आधीच धरावी.

संस्थेचा हिस्सा

हिस्सा किती, याचे गणित बहुतेकदा चुकीचे मांडले जाते. समजा एकूण प्रकल्प ४० लाख रुपयांचा आहे आणि योजनेचे प्रमाण ६०:४० आहे. विश्वस्त म्हणतात, आपल्याला १६ लाख लागतील. पण अनुदान एकूण खर्चावर मोजले जात नाही, ते मान्य खर्चावर मोजले जाते. सल्लागारांचे शुल्क ३ लाख, आकस्मिक खर्च २ लाख आणि नवी स्वच्छतागृहे व वातानुकूलन ३ लाख हे त्या योजनेत अमान्य ठरले, तर मान्य खर्च ३२ लाख उरतो. त्याचे ६० टक्के म्हणजे १९ लाख २० हजार रुपये सरकारकडून येतील आणि २० लाख ८० हजार रुपये संस्थेला घालावे लागतील. शिवाय अनुदान हप्त्यांनी येते आणि शेवटचा हप्ता काम पूर्ण होऊन हिशेब दिल्यावर मिळतो. तो हप्ता एकतृतीयांश धरला, तर ६ लाख ४० हजार रुपये काही महिने संस्थेलाच पुरवावे लागतात. म्हणजे कागदावर १६ लाख वाटणाऱ्या प्रकल्पासाठी हाताशी २७ लाखांच्या आसपास रक्कम असायला हवी. हे गणित बैठकीत फळ्यावर मांडावे. मग किती मोठे काम हाती घ्यायचे ते आपोआप ठरते. पुष्कळदा सगळी इमारत एकदम न घेता पहिल्या टप्प्यात फक्त छप्पर आणि पावसाच्या पाण्याची व्यवस्था घेणे शहाणपणाचे असते.

मधली तूट बँकेच्या कर्जाने भागवू, असा विचार असेल तर एक कायदेशीर अट लक्षात ठेवावी: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही. ही परवानगी ऐनवेळी मिळत नाही.

हिस्सा उभा करण्याचा पहिला स्रोत सभासद आणि माजी विद्यार्थी हेच असावेत, आणि त्यांच्याकडे रकमेपेक्षा कामाची मागणी करावी. ‘इमारत निधीला मदत करा’ या आवाहनाला मिळणाऱ्या प्रतिसादापेक्षा ‘पूर्वेकडच्या व्हरांड्याचे बारा वासे बदलायचे आहेत, एका वाशाचा खर्च इतका’ या आवाहनाला मिळणारा प्रतिसाद नेहमीच चांगला असतो. ८०जी ची सवलत सांगताना दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात: दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या व्यक्तींनाही ती मिळत नाही. पगारदार देणगीदारांपैकी बरेच जण आता नव्या प्रणालीत असल्याने करबचतीवर भर देणारे आवाहन पूर्वीइतके परिणामकारक राहिलेले नाही. अद्याप नोंदणी नसलेल्या वास्तू बचाव समितीने वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेशोत्सव मंडळे घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी आधी घ्यावी.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाचा, निधी हा दुसरा मोठा स्रोत आहे आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा व वागळे इस्टेट शेजारी असताना त्याकडे दुर्लक्ष करू नये. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारशाचे संरक्षण, ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारती व स्थळांचे पुनःस्थापन आणि सार्वजनिक ग्रंथालये यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या कंपनीला हा नियम लागू होतो तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते. हा निधी घेण्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी. कंपनीला धर्मप्रसाराशी जोडले जायचे नसते, त्यामुळे धार्मिक वास्तूच्या बाबतीत प्रस्ताव वास्तुकला, शिल्पकाम आणि सार्वजनिक वापर यांच्या आधारे लिहावा, आणि तो तसा खरोखर असावा.

सीएसआरची रक्कम संस्थेचा हिस्सा म्हणून चालेल का, हे अर्जापूर्वी योजनेच्या कार्यालयाकडून लेखी घ्यावे. एका सरकारी योजनेचा पैसा दुसऱ्या सरकारी योजनेतील आपला हिस्सा म्हणून दाखवणे मात्र बहुधा मान्य होत नाही, आणि एकाच बिलावर दोन ठिकाणांहून पैसे घेणे हा उघड गैरव्यवहार आहे. श्रमदानाची किंमत हिश्श्यात धरण्याची सोय अमेरिकेतील योजनांत आहे. आपल्याकडे योजनेत तसे लिहिले असेल तरच ती धरावी.

गोळा झालेला हिस्सा स्वतंत्र बँक खात्यात ठेवावा आणि त्या खात्याचा उतारा अर्जाला जोडावा. आश्वासनांच्या दहा पत्रांपेक्षा हा एक कागद अधिक बोलतो.

अर्ज

एवढी तयारी झाली की अर्ज लिहिणे सोपे होते. वास्तू काय आहे, तिला काय झाले आहे, काय करणार आणि काय करणार नाही, किती खर्च येईल, पुढे कोण सांभाळणार, या क्रमाने साध्या भाषेत लिहावे. ‘काय करणार नाही’ हा भाग बहुतेक अर्जांत नसतो. जुन्या लाद्या उखडणार नाही, दर्शनी भाग रंगवून टाकणार नाही, मूळ खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियम बसवणार नाही, असे स्पष्ट लिहिले की छाननी समितीचा विश्वास वाढतो. पोचपावती घ्यावी आणि पाठपुराव्यासाठी एकच विश्वस्त नेमावा.

मंजुरीनंतर

सरकारी वर्ष मार्चअखेर संपते आणि आपल्याकडचा बांधकामाचा हंगाम जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतो; या दोहोंचा मेळ घालणे हे मंजुरीनंतरचे सर्वांत कठीण काम आहे. पैसे जानेवारीत हातात आले आणि ३१ मार्चपर्यंत खर्च दाखवायचा म्हटले, की चुनाकामाचा बळी जातो. चुना आधी मुरवावा लागतो, गिलावा थराथराने द्यावा लागतो, प्रत्येक थर गोणपाट ओले ठेवून सावकाश वाळू द्यावा लागतो. म्हणून अर्जासोबतच्या वेळापत्रकात पावसाळा ठळकपणे दाखवावा, छप्पर उघडण्याचे काम दिवाळीनंतर सुरू होईल असे लिहावे आणि मुदतवाढ लागणार असेल तर ती मुदत संपण्याच्या आधी मागावी. मधल्या काळात चुन्याची खरेदी, तो मुरवणे, लाकूड निवडून वाळवणे आणि कारागिरांशी करार ही कामे होऊ शकतात, आणि ती खर्चात दाखवताही येतात.

केंद्र शासनाच्या अनुदानाला सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. अनुदानावर मिळालेले व्याज संस्थेचे नसते, ते परत करावे लागते. अनुदानातून झालेली मालमत्ता परवानगीशिवाय विकता किंवा दुसऱ्या कामाला लावता येत नाही. आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत विहित नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. हे प्रमाणपत्र सनदी लेखापालाकडून शेवटच्या आठवड्यात करून घेण्याची गोष्ट नाही. प्रत्येक बिल, त्याची मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि त्या कामाचा आधीचा, चालू असतानाचा व नंतरचा फोटो एका क्रमांकाखाली ठेवत गेले, तर प्रमाणपत्र एका दिवसात तयार होते. योजनेने दीर्घ मुदतीचा करार मागितला आणि त्यातून इमारतीचा ताबा किंवा वापराचा हक्क दुसऱ्याकडे जाणार असेल, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवावे, कारण विश्वस्त संस्थेच्या इमारतीचा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय करता येत नाही.

काम चालू असताना पाया उकरताना किंवा गिलावा काढताना शिलालेख, रंगीत चित्रांचा थर किंवा जुनी नाणी सापडली, तर काम तेथेच थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवावे आणि फोटो काढून जागा झाकून ठेवावी.

शेवटचा हप्ता मिळाल्यावर वास्तुविशारदाकडून पाच वर्षांचे देखभाल वेळापत्रक लिहून घ्यावे आणि संस्थेच्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी. त्यात निदान एवढे असावे: मे महिन्यात पन्हळी साफ करणे आणि सरकलेली कौले बसवणे, पावसाळ्यात महिन्यातून एकदा पोटमाळ्यावर चढून ओल पाहणे, दसऱ्यानंतर तुळया आणि वाशांची वाळवीसाठी तपासणी करणे, आणि भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप मूळ धरण्याआधी काढणे. प्रत्येक तपासणीची तारीख, पाहणाऱ्याचे नाव आणि फोटो नोंदवहीत ठेवावेत. दुसऱ्या टप्प्याचा अर्ज करताना हीच नोंदवही पहिले जोडपत्र म्हणून लावता येते.